बाळंतिणीचा सुजलेला पाय

मागच्या वेळी आपण लोहाच्या गोळ्यांबद्दल बोललो. आज रक्त गोठण्याबद्दल बोलू.

विळीवर बोट कापलं की थोड्या वेळात रक्त थांबतं. गरोदरपणात ते आणखी लवकर गोठतं. हा आजार नव्हे, बाळंतपणाची तयारी आहे. दिवस भरत आले की गर्भपिशवीतून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. पिशवी आवळून ती दाबते, आणि रक्त गोठून त्यांना बूच बसतं.

पण हेच रक्त पायाच्या शिरेत गोठलं तर? पोट वाढलं की पायांतून वर जाणारं रक्त मंदावतं, डाव्या पायात जास्तच. सगळ्यात मोठा धोका बाळंतपणानंतरच्या 6 आठवड्यांत, आणि सिझेरियन झालं असेल तर आणखी. आपला सव्वा महिना नेमका त्याच दिवसांतला! बाळंतिणीला बाजेवरून उठू द्यायचं नाही, पाणीही घोटभरच. विश्रांती हवीच, त्याला आमची ना नाही. तेवढेच दिवस सुनेच्या मागची कामं सुटतात. पण घरातल्या घरात चार फेऱ्या माराव्यात, पाणी पोटभर प्यावं.

आमच्या गटातल्या एकीच्या सुनेची डावी पोटरी बाराव्या दिवशी सुजली. सासूबाई म्हणाल्या, वात धरलाय, गरम तेलानं चोळा. मालिशवाल्या मावशीच अडल्या. "एकच पाय सुजलाय, तापलाय. मी हात लावायची नाही." आशाताईंकडून त्यांनी हे ऐकलं होतं. सोनोग्राफीत शिरेत गुठळी दिसली. चोळली असती तर ती सुटून फुप्फुसात गेली असती, अशी भीती. सुनेला पोटावर इंजेक्शनं सुरू झाली. बाळाला अंगावर पाजणं चालूच राहिलं.

संध्याकाळी दोन्ही पावलं सुजणं गरोदरपणात पुष्कळजणींना होतं. एकच पाय सुजून दुखला तर त्याच दिवशी दवाखाना. अचानक दम लागला, छातीत कळ आली, तर लगेच 108.

याच्या उलटही घडतं. वार वेळेआधी सुटली, बीपी फार वाढलं किंवा बाळ पोटातच दगावून बरेच दिवस झाले, तर रक्त गोठवणारी द्रव्यं संपून जातात. मग रक्त पाण्यासारखं वाहतं, सुई टोचल्या जागेतूनही झिरपत राहतं. अशा वेळी सिस्टर काचेच्या स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन मुठीत धरतात. 7 मिनिटांत ते घट्ट गोठलं नाही, तर बाईला रक्त चढवायची सोय असलेल्या दवाखान्यात हलवावंच लागतं. ती सोय आपल्याला सगळ्यात जवळ कुठे आहे, हे आठव्या महिन्यातच आशाताईंना विचारून ठेवा. रात्री दोन वाजता ते शोधत बसायला वेळ नसतो.