दहा घरांची वाडी आणि प्राप्तिकर



चावडीवर वर्तमानपत्र वाचताना कोणीतरी हटकून म्हणतो, “कर भरणारे मूठभर, बाकी सारे आयतं खाणारे!” शेजारी बसलेला शेतमजूर ते ऐकून मान खाली घालतो. त्यानं मान खाली घालावी काय? हिशेबच मांडून पाहू या.

दहा घरांची एक वाडी आहे असे धरा. नऊ घरांचे वर्षाचे उत्पन्न प्रत्येकी १ लाख. दहावे घर व्यापाऱ्याचे. त्याचे २१ लाख. एकूण झाले ३० लाख, म्हणजे घरटी सरासरी ३ लाख. पण ३ लाखांचे घर वाडीत आहे कुठे? एकही नाही! सरासरी अशी फसवते.

आता कराकडे वळू. १८५७ च्या उठावानंतर रिती झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० साली प्राप्तिकर इथे आणला. तो पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढच्या चार-चार लाखांवर ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. वरची पायरी चढली म्हणून खालच्या पायरीचा दर वाढत नाही. या हिशेबाने व्यापाऱ्याचा कर, उपकर सोडून, २ लाख २५ हजार. बाकी नऊ घरे शून्य.

म्हणजे सगळा प्राप्तिकर एकट्याने भरला, हे खरे. पण वाडीच्या उत्पन्नातले दहा आण्यांहून अधिक, शंभरातले ७० रुपये, त्याच्याच घरी आले होते, हेही तितकेच खरे!

देशाचे चित्र काहीसे असेच आहे. १४० कोटींच्या देशात २०२३-२४ साली सुमारे ८ कोटी लोकांनी विवरणपत्रे भरली. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचा कर शून्य निघाला. शेतीचे उत्पन्न केंद्राच्या प्राप्तिकरातून वगळलेले आहे. त्यात कोरडवाहू शेतकरी सुटतो, तसा बडा बागायतदारही सुटतो, हे मोकळेपणाने सांगायला हवे.

मग नऊ घरे करच देत नाहीत काय? देतात की! १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आहे. सिमेंटच्या पोत्यावर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के, अंगाच्या साबणावर ५ टक्के. दुकानदार गिऱ्हाइकाचे उत्पन्न विचारत नाही. व्यापारी कमाईतले बरेच शिल्लक टाकतो. मजुराची कमाई बहुतेक सगळी बाजारातच जाते. म्हणून हा कर त्याला अधिक जाणवतो.

गुरुजी, उद्या हे गणित फळ्यावर घाला. आणि चावडीवरच्या त्या भाऊंनो, मान वर करा. पावती तुमच्या नावाची नसेल. पण तिजोरीत तुमचाही पैसा आहे.