पाण्याची वाट आधी, रस्ता मागाहून
(मंडळाच्या सर्वसाधारण सभेतील भाषणाचा मजकूर)



आपल्या सभेत भाषेचा प्रश्न निघतो, शाळांचा निघतो, निवडणुकीतल्या उमेदवारीचा निघतो. ते निघालेच पाहिजेत. पण आज आम्ही पाण्याचा विषय मांडणार आहोत. नळाला पाणी किती दिवसांनी आले, हा प्रश्न मराठी आणि कन्नड असा भेद करीत नाही. आणि पावसाचे पाणी घरात शिरते तेव्हा तेही कोणाची भाषा विचारत नाही.

प्रथम आपले शहर कुठे बसले आहे ते पाहू. धारवाडच्या सोमेश्वर मंदिरापाशी शाल्मला उगम पावते. ती पश्चिमेला वाहत बेडतीला मिळते आणि पुढे गंगावळी या नावाने अंकोल्याकडे अरबी समुद्राला जाते. पूर्वेच्या अंगाला पडलेला पाऊस बेण्णीहळ्ळ्यातून मलप्रभेला, तिथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो. म्हणजे एकाच शहरावरचा पाऊस दोन समुद्रांना जातो! ऐकायला हे मोठे छान वाटते. पण याचा सरळ अर्थ असा की आपण माथ्यावर बसलो आहोत. मोठी नदी आपल्या दाराशी येत नाही. पडेल तो पाऊस अडवावा, नाहीतर तो जाताना पाहावा.

आपल्या आधीच्या लोकांना हे कळत होते. म्हणून त्यांनी केऱ्या बांधल्या. हुबळीत उणकल आणि तोळनकेरी, धारवाडात साधनकेरी, केलगेरी, नुग्गीकेरी. गावांच्या आणि वस्त्यांच्या नावातच तळे आहे. एके काळी हुबळी उणकलचे पाणी पीत असे. ते पुरेना तेव्हा नीरसागर झाले. पाऊस ओढ देतो त्या वर्षी नीरसागर आटते, म्हणून आपण सौंदत्तीजवळच्या मलप्रभेच्या धरणावर गेलो. प्रत्येक वेळी पाणी आणखी दुरून आणले आणि जवळचे तळे मात्र सांडपाण्याच्या हवाली झाले.

मलप्रभा कुठून येते हे या सभेत सांगायला नको. ती खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीहून येते. आपल्यापैकी अनेकांचे सोयरे त्या भागात आहेत. कळसा-बंडुरीचे कामही त्याच तालुक्यातले. म्हादईच्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. त्यात कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी पाणी मिळाले आणि त्यातले ३.९ टीएमसी मलप्रभेत वळवण्यासाठी आहे. त्या निवाड्याविरुद्ध राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. इकडे हुबळी-नवलगुंदचा माणूस पाण्यासाठी रस्त्यावर उतरतो आणि तिकडे गोव्यातला माणूस म्हादई वाचवा म्हणून उतरतो. आपल्याला दोन्हीकडे नातेवाईक आहेत, म्हणून आपण गप्प बसतो.

आमचे म्हणणे असे की आता गप्प बसू नये. तहानलेल्या शहराची मागणी खोटी नाही. पण दुसऱ्याच्या रानातले पाणी मागणाऱ्या शहराने आधी आपल्या घरातल्या पाण्याचा हिशेब द्यावा. तो देता येतो, याचा पुरावा आपल्याच शहरात आहे. २००८ साली आपल्या ८ वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झाले. त्यासाठी नवी नदी आणली नव्हती. जुन्या गळक्या वाहिन्या बदलल्या आणि मीटर बसवले. मग उरलेल्या शहराला इतकी वर्षे लोटूनही ते सगळीकडे का पोहोचले नाही? हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक करदात्याला आहे.

आता पाणी जास्त होते तेव्हाची गोष्ट. ऑगस्ट २०१९ मधील पाऊस कोणी विसरलेले नाही. उणकल तलाव भरून वाहिला आणि नाल्याकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. नाला आपल्या जुन्या वाटेनेच गेला होता. त्या वाटेवर घरे, भिंती आणि भराव आले होते. बीआरटीएसच्या रस्त्याचेही तसेच. २२ किलोमीटरचा हा रस्ता, त्यावर धावणाऱ्या चिगरी बसगाड्या, यांचा आपल्याला उपयोग आहे आणि आम्ही तो नाकारीत नाही. सार्वजनिक बस वाढली तर धूर कमी होईल, हेही खरे. पण मोठा पाऊस झाला की धारवाडच्या टोल नाक्यापाशी पाणी साचते, ते का? रस्ता आखताना पाण्याची वाट आधी पाहायची असते.

याच २०१९ सालच्या मार्च महिन्यात आफ्रिकेतल्या एका शहरावर इडाई नावाचे चक्रीवादळ आदळले. ते शहर म्हणजे मोझांबिकचे बैरा बंदर. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहून चालत असे, तेव्हा हा देश आपल्याला अगदीच परका नाही. त्या वादळात मोझांबिकमध्ये सहाशेहून अधिक माणसे दगावली आणि बैराचे फार मोठे नुकसान झाले. शहर सखल, समुद्राच्या भरतीच्या पातळीला टेकलेले. पण त्या शहराने वादळाच्या आधीच एक काम हाती घेतले होते. शिवेवे नावाची लहानशी नदी शहराच्या पोटातून वाहते. ती गाळाने आणि कचऱ्याने बुजली होती. ती उपसली, मुखाशी भरती-ओहोटीचे दार बसवले, काठावर खारफुटी लावली आणि लोकांना फिरायला बाग केली. पावसाच्या पाण्याचे मोठे नालेही दुरुस्त केले. वादळानंतर अशा भागांतले पाणी लवकर ओसरले. वादळ कोणाला थांबवता आले नाही, पण पाण्याला जायला वाट होती.

बैरा आपल्यापेक्षा गरीब शहर आहे. तिथेही बाहेरच्या देशांचा पैसा आला आणि आपल्याकडेही आला. २०१६ साली आपले शहर स्मार्ट सिटीच्या यादीत आले. फ्रान्सच्या मदतीने उणकल नाल्याकाठी सायकल आणि पायी चालण्याचा हरित मार्ग हाती घेतला गेला. कल्पना उत्तम आहे. पण काठावर फरशी आणि नाल्यात सांडपाणी, असे झाले तर त्या मार्गावर नाक धरूनच चालावे लागेल. स्मार्ट सिटी योजना मार्च २०२५ मध्ये संपली. आता देखभाल कोणी करायची? महापालिकेने, म्हणजे शेवटी आपणच.

म्हणून मंडळाने पुढील मागण्या ठरावाच्या रूपाने महापालिकेकडे पाठवाव्यात, अशी आमची विनंती आहे.

एक, शहरातील सर्व केऱ्या आणि नाले सर्व्हे नंबरासह नकाशावर दाखवावेत आणि तो नकाशा प्रत्येक वॉर्ड कार्यालयात कन्नडबरोबर मराठीतही लावावा.

दोन, नाल्याच्या वाटेवर नव्या बांधकामाला परवाना देऊ नये. जे गरीब आधीपासून तिथे राहतात त्यांना जवळच पर्यायी घर दिल्याशिवाय हलवू नये.

तीन, सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय एकाही तलावात किंवा नाल्यात सोडू नये. आपण सोडलेली घाण खालच्या गावांच्या शेतात जाते.

चार, किती पाणी शहरात येते आणि किती गळते, याचा आकडा दरवर्षी जाहीर करावा.

जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारवाडच्या स्वतंत्र महापालिकेला मंजुरी दिली. १९६२ पासून एकत्र नांदलेल्या दोन शहरांची कागदावर वाटणी करता येईल. पण नाल्याची वाटणी होत नाही. कचेऱ्या एक असोत की दोन, पाण्याचा नकाशा एकच असला पाहिजे.

बंधू-भगिनींनो, उद्या मते मागायला जो कोणी आपल्या गल्लीत येईल, कोणत्याही पक्षाचा असो, त्याला आपल्या वॉर्डातला नाला कुठून निघतो आणि कुठे जातो, एवढेच विचारा. ज्याला सांगता येणार नाही, त्याला नाल्यापर्यंत चालवत न्या. आणि हे काम एकट्याने करू नका. शेजारच्या कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांनाही बरोबर घ्या. कणकुंबीच्या रानाची आणि आपल्या नळाची काळजी एकाच वेळी वाहणारा समाज म्हणून आपली ओळख व्हावी, एवढे बोलून आम्ही थांबतो.

जय हिंद!