उंबराचे फूल आणि लहान मूल



आजच्या व्याख्यानाचा विषय चालकांनी 'वनस्पती, प्राणी आणि बालशिक्षण' असा भारदस्त जाहीर केला आहे. आमचे म्हणणे त्या मानाने साधे आहे. पाच ते आठ वर्षांच्या मुलाला झाडे आणि प्राणी एकमेकांच्या आधाराने कसे जगतात हे शिकवावयाचे असेल, तर ते कोठून सुरू करावे, एवढाच प्रश्न आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत. शाळांना सुट्टी आहे, मुले घरी आहेत, आणि समोर आईबाप व आजीआजोबा पुष्कळ दिसतात. तेव्हा हे बोलणे शिक्षकांइतकेच त्यांच्यासाठीही आहे.

प्रथम आपण मुलांना काय सांगतो ते पाहू. गाय आपल्याला दूध देते. मेंढी आपल्याला लोकर देते. मधमाशी आपल्याला मध देते. झाड आपल्याला फळे देते, सावली देते. आपण सगळे हीच वाक्ये घोकून मोठे झालो. यांतले एकेक वाक्य तपासले तर फारसे चुकीचे नाही. पण सर्व मिळून मुलाच्या मनात जे चित्र उभे राहते ते मात्र साफ खोटे आहे. सारी सृष्टी हातांत ताटे घेऊन आपल्या दारात उभी आहे, आणि आपण तेवढे घेणारे! वास्तविक गाईला दूध येते ते वासरासाठी. आपण मध्येच धार काढतो. मधमाशी मध साठविते ती फुले नसतील त्या दिवसांची बेगमी म्हणून. आणि झाडाने फळ गोड केले ते कोणी तरी खाऊन बी दूर नेऊन टाकावे एवढ्याच सोयीने. लहान मुलाचा स्वभाव असा, की जगातली प्रत्येक वस्तू कोणी तरी माणसासाठी केली आहे असे त्याला वाटते. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांशी प्रश्नोत्तरे करून हे दाखवून दिले, आणि त्यावरचा त्याचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. वयाबरोबर ही समजूत आपोआप सैल होत जाते. पण आपण काय करतो? तिच्यावर क्रमिक पुस्तकाचा शिक्का मारून ती पक्की करतो.

याच्या उलट टोकाला भिंतीवरचा तक्ता आहे. गवत, टोळ, बेडूक, साप, गरुड, आणि मध्ये बाण. मूल तो तक्ता खडाखडा म्हणून दाखविते; त्याने टोळ गवत खाताना पाहिलेला नसतो. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याविषयी निर्देश दिले, हे ठीकच झाले. पण सक्तीने तक्ता येतो. टोळ दाखविण्याचे काम कोणी तरी मुलाबरोबर उकिडवे बसूनच करावे लागते.

आमची सूचना अशी, की एकच झाड घ्यावे आणि त्याच्याशी वर्षभर ओळख ठेवावी. आमच्या मते ते उंबराचे असावे. नदीकाठी, देवळामागे, दत्ताच्या पाराशी उंबर बहुतेक गावांत सापडतोच. शिवाय त्याची एक मोठी सोय आहे. त्याची फळे खोडाला आणि जाड फांद्यांना लगडतात, त्यामुळे ती सहा वर्षांच्या मुलाच्याही हाताला येतात. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. मुलाला विचारावे, फूल नाही तर फळ आले कोठून? आणि हा प्रश्न दोन दिवस त्याच्यापाशी राहू द्यावा. उत्तर देऊन टाकण्याची घाई आपल्याला असते, त्याला नसते.

मग नुकतेच तांबूस होऊ लागलेले उंबर उभे चिरून भिंगाखाली धरावे. आपण ज्याला फळ म्हणतो ती एक बंद पिशवी असून तिच्या आतल्या अंगाला शेकडो बारीक फुले दाटीवाटीने बसली आहेत असे दिसेल. वेळ साधली असेल तर आतून चिलटासारखे लहान कीटकही निघतील. आपल्या जुन्या लोकांना ते ठाऊक होते. त्यांना 'केंबरे' असे नाव आहे, आणि झाकली भानगड चव्हाट्यावर आणणाऱ्याविषयी 'उंबर फोडून केंबरे काढतो' असे म्हणण्याची रीत आहे. ही भानगड मात्र मुलांसमोर अवश्य काढावी.

कारण ती मोठी विलक्षण आहे. तिळाएवढी मादी कोवळ्या उंबराच्या टोकाशी असलेल्या चिंचोळ्या वाटेने आत शिरते. वाट इतकी अरुंद, की तिचे पंख मोडून पडतात. आत गेल्यावर ती बरोबर आणलेले पराग फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. अंडे न पडलेल्या फुलांचे बी होते. अंडे पडलेल्या फुलांत तिची संतती वाढते. तिच्यातले नर बिनपंखी. ते आधी बाहेर येतात, माद्यांशी संग करतात आणि उंबराच्या भिंतीला भोक पाडतात. त्या भोकातून माद्या पराग घेऊन उडतात, दुसरे कोवळे उंबर शोधावयास. त्यांचे आयुष्य एकदोन दिवसांचे. या कीटकावाचून उंबराला बी नाही, आणि उंबरावाचून या कीटकाला घर नाही. पुढे उंबर पिकते. दिवसा बुलबुल आणि तांबट, रात्री वटवाघळे ते खातात व बी लांब नेऊन टाकतात. नरमादीचा भाग सहा वर्षांच्या मुलाला गाळून सांगितला तरी चालेल. व्यवहाराचा भाग गाळू नये. झाडाने काही फुले कीटकाला सोडली आणि बाकीची आपल्या बियांसाठी राखली. यात उपकार कोणी कोणावर केलेला नाही. घरात खाऊची वाटणी होताना भावंडांचा हिशेब किती काटेकोर चालतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मुलांची समज याबाबतीत आपल्याहून कमी नाही हे सांगावयास नको.

उंबर लांब असेल तर दारातली कुंडी आहे. आणि खरी अडचण तेथेच सुरू होते. लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या रोपावर अळ्या येतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून पक्षी त्यांना सहसा हात, म्हणजे चोच, लावीत नाहीत. मोठेपणी त्या हिरव्या होतात, आणि डिवचले तर डोक्यामागून दोन शिंगे काढून उग्र वास सोडतात. मुले यावर बेहद्द खूष असतात. पण अळी पाने खाते, रोप ओके दिसू लागते, आणि आपण फवारा आणतो. नंतर त्याच मुलाला फुलपाखराचे चित्र रंगवावयास देतो! फुलपाखरू चांगले आणि अळी वाईट, हा धडा पाच मिनिटांत शिकवून होतो आणि तो जन्मभर पुरतो. आम्ही म्हणतो, एक फांदी सोडून द्यावी. मुलासमोर, त्याला विचारून सोडावी. फोडणीला चार पाने कमी पडतील. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास महिन्याभरात आटोपतो. म्हणजे या सुट्टीतच तो पुरा होईल. फुलपाखरू हवे असेल तर पाने द्यावी लागतात, हे मुलाने आपल्याच घरच्या पानांवर पाहावे.

येथे एक कठीण प्रसंग येण्याचा संभव आहे. काही कोशांतून फुलपाखरू निघतच नाही. कोशाला भोक पडते आणि त्यातून बारीक गांधीलमाशीच्या जातीचे कीटक बाहेर येतात. त्यांनी आतला जीव खाल्लेला असतो. मूल रडते. अशा वेळी 'ते रात्री उडून गेले रे' असे सांगण्याचा मोह आपल्याला फार होतो. तो आवरावा. जे घडले ते सांगावे. हे कीटक नसते तर अळ्या इतक्या वाढत्या, की लिंबाला पान उरते ना, हेही सांगावे. पण ते दुसऱ्या दिवशी. रडणाऱ्या मुलाला त्याच क्षणी हिशेब समजावणे हे शिक्षण नव्हे, निर्दयपणा आहे.

त्याचप्रमाणे फार सुबक गोष्टींपासूनही सावध राहावे. मॉरिशस बेटावर डोडो पक्षी नष्ट झाला म्हणून तेथल्या एका झाडाचे बी रुजेनासे झाले, अशी एक कथा १९७७ साली एका अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडली, आणि ती जगभर सांगितली गेली. पुढे इतरांनी पाहिले तेव्हा डोडो गेल्यानंतर उगवलेली झाडे तेथे आढळली. आधार कोठे घट्ट असतो, कोठे सैल. उंबराचा घट्ट आहे. बुलबुल मात्र उंबर नसले तर दुसरे फळ खाईल. मुलांना दोन्ही दाखवावे.

या कामी शहराकडे पाहण्याचे कारण नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर चालविले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळाच कुरणात गेली. 'कुरणशाळा' हे तिचे नाव. गुराख्याच्या मुलासमोर काय नसते? गाय चरते, तिच्या पायांनी टोळ उडतात, ते टिपावयास गायबगळा मागे फिरतो, शेण पडले की शेणकिडे त्याचे गोळे करून मातीत पुरतात, आणि तेथे पुन्हा गवत जोर धरते. शहरातल्या मुलाला तक्त्यावर जे पाठ करावे लागते, ते त्या मुलाच्या पायांखाली असते. उणीव असते ती त्याला विचारणाऱ्याची.

पुदिन्याच्या डहाळीने मेणबत्तीमुळे बिघडलेली हवा पुन्हा सुधारते, हे जोसेफ प्रीस्टलेने १७७१ साली दाखविले, आणि त्याला सूर्यप्रकाश लागतो हे यान इंगेनहौसने १७७९ साली. प्रयोग अप्रतिम आहेत. पण न दिसणाऱ्या हवेचा विषय आठ वर्षांच्या आत काढू नये असे आमचे मत आहे. त्या वयाला दिसते तेवढेच पुष्कळ झाले.

शेवटी पालकांसाठी एक व्यवहारातली गोष्ट. लिंबावरची अळी गुळगुळीत असते, ती हातावर घेतली तरी अपाय नाही. शेवग्यावरचे केसाळ सुरवंट मात्र निराळे. त्यांचे केस टोचून अंगाला खाज सुटते. ते लांबून, काडीनेही न डिवचता, पाहू द्यावेत.