प्रश्नपत्रिकेतील चूक आणि आपली मुले

(ओझर येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. तेथे सुटा भाग तपासणीवाचून पुढे जात नाही. माणसाच्या हातून चूक होणारच, हे गृहीत धरूनच ती व्यवस्था उभी आहे. परीक्षेच्या कामीही आम्हांस हीच दृष्टी हवी आहे.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी राज्य मंडळाची बारावीची परीक्षा इंग्रजीच्या विषयाने सुरू झाली. प्रश्नपत्रिकेच्या कवितेच्या विभागात तीन ठिकाणी प्रश्नच नव्हते. परीक्षकांसाठी असलेला मजकूर तेथे छापला गेला होता. प्रत्येकी दोन, असे सहा गुण पणास लागले. मंडळाने विषयतज्ज्ञ व मुख्य नियामक यांचे मत घेऊन मार्चमध्ये निर्णय दिला : ज्यांनी त्या विभागातील कोणताही प्रश्न सोडविला असेल, अथवा विभागाचा वा त्या प्रश्नांचा नुसता उल्लेख केला असेल, त्यांस सहाही गुण द्यावेत.

चूक मान्य झाली, हे योग्यच झाले. १९८३ साली कानपूर विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व सांगितले होते, की परीक्षा घेणाऱ्याच्या चुकीची शिक्षा विद्यार्थ्यास होऊ नये. परंतु नसलेला प्रश्न शोधण्यात गेलेली दहा मिनिटे व ढळलेले चित्त कोणता निर्णय परत देणार? आणि ज्या भाबड्या मुलाने 'येथे प्रश्नच नाही' म्हणून क्रमांकही लिहिला नाही, त्याचे काय? कित्येकदा घरात पहिल्यानेच बारावीस बसलेले मूल असे भाबडे असते. त्यास सांगणारे कोणी नसते.

तेव्हा आपण वडीलधाऱ्यांनी मुलांस एवढे शिकवावे : प्रश्न चुकीचा वाटला तर पर्यवेक्षकांस सांगावे, उत्तरपत्रिकेत क्रमांक लिहावा, सुचेल ते दोन ओळींत मांडावे आणि पुढे जावे. निकालानंतर शंका असल्यास रागावून वा रडून न बसता मुदतीत गुणपडताळणीचा अर्ज करावा. पुनर्मूल्यांकन हवे असल्यास आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी. जाणत्या घरांनी शेजारच्या मुलाचा अर्जही भरून द्यावा.

गुणवंतांचा सत्कार आपण दरवर्षी करतोच. दोन गुणांनी मागे राहिलेल्या मुलाशेजारी बसून त्याचा कागद पाहणे, हेही ज्ञातिकार्यच होय, असे आम्ही समजतो.