ढोल वाजवणाऱ्यांचे कान

बडोद्यातल्या हरणीच्या विमानतळावर विमानाजवळ काम करणारे कर्मचारी कानांवर जाड संरक्षक लावतात. पण त्याच शहरात नवरात्रात रात्र-रात्र ढोल वाजवणारे, गाणारे, साउंडचा मिक्सर सांभाळणारे मात्र उघड्या कानांनी उभे असतात. हे मला खटकतं.

हिशोब पाहा. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सोसता येतो, असं कामगार आरोग्याचे जाणकार मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं! अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

कापसाचा बोळा फारसा उपयोगाचा नाही. वादकांसाठी खास इअरप्लग मिळतात. त्यांनी आवाज बराचसा सारखा उतरतो, सूर बिघडत नाही. फोमचे साधे प्लग स्वस्त असतात, पण बोटांनी वळून, कान मागे-वर ओढून आत बसवावे लागतात. मॉनिटर स्पीकर कानाच्या रेषेत नको. मध्यंतरात स्टेजपासून लांब जाऊन बसा. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी जा.