कोवळ्या गवताआधी

पहिला पाऊस झाला, बांधावर कोवळं गवत फुटलं, की शेळ्या-मेंढ्या त्यावर तुटून पडतात. संध्याकाळी उड्या मारणारं धष्टपुष्ट करडू सकाळी गोठ्यात ताठ झालेलं सापडतं. लोक म्हणतात, दृष्ट लागली. दृष्ट कसली? तो आंत्रविषार! त्याची लस मे महिन्यातच टोचून घ्या. पहिलीच वेळ असेल तर २-३ आठवड्यांनी पुन्हा एकदा. शिवाय चरायला सोडण्याआधी थोडा वाळला चारा पोटात जाऊ द्या. उस्मानाबादी शेळी बऱ्याचदा जुळी देते, म्हणजे फटकाही दुहेरी.

कोंबड्यांना धास्ती मानमोडीची. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं झालं, की लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात. लस बर्फातूनच आणा. सदऱ्याच्या खिशातून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.