भुकेल्यांच्या हातचे काम



मुंबई सेंट्रल स्टेशनाजवळ एक मोठा रस्ता आहे. आज त्याचे नाव जहांगीर बोमन बेहराम मार्ग. जुनी माणसे त्याला बेलासिस रोड म्हणतात. आपल्यातले कितीतरी जण खाडीचा पूल ओलांडून कामाला जातात. ते त्या रस्त्याने कधी ना कधी गेले असतील. तो रस्ता कोणी बांधला, ठाऊक आहे? सुरतेच्या उपाशी माणसांनी.

1793 साली सुरतेकडे दुष्काळ होता. माणसे मुंबईला आली. बेलासिस नावाच्या सेनापतीने लोकांकडून वर्गणी जमवली आणि या माणसांना रस्त्याच्या कामावर लावले. रस्ता सुरतेच्या गरिबांनी पुरा केला, असे तिथल्या दगडावर कोरले होते. नाव मात्र सेनापतीचे लागले. ते तसेच असते म्हणा.

तिकडे विलायतेत गरिबांसाठी मोठमोठी कामघरे होती. 1834 साली नवा कायदा झाला. भाकर हवी तर कामघरात या, असे ठरले. आत गेले की नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरे तिसरीकडे. हेतू असा, की गरिबाला तिथे यायची लाजच वाटावी. अँडोव्हर गावच्या कामघरात खतासाठी हाडे कुटायचे काम होते. उपाशी माणसे तीच हाडे चोखत होती. 1845 साली हे उघडकीस आले आणि मोठा गहजब झाला. ती कामघरे 1930 साली कायद्याने बंद झाली. बरीचशी पाडली, काहींचे दवाखाने झाले.

आपल्याकडे तशी घरे फारशी झाली नाहीत. आपल्याकडे उघड्या माळावरची दुष्काळी कामे झाली. पण विचार तोच.

1876 साली दख्खनेत पाऊस गेला. पुणे, नगर, सोलापूर या भागांत माणसे खडी फोडू लागली. तेव्हा सर रिचर्ड टेंपल हे बडे अधिकारी पाहणीला आले. या गृहस्थांनी आधी बिहारच्या दुष्काळात हात सैल सोडून खर्च केला होता. त्यावर त्यांना बोल लागला होता. म्हणून इकडे त्यांनी हात आखडला. दिवसभर कष्ट करणाऱ्या गड्याला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, अशी मजुरी ठरवली. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. बायकांना आणि पोरांना त्याहून कमी. तुम्ही घमेली उचललेली माणसे आहात. एवढ्यावर काम होते का, ते मी तुम्हांला सांगायला नको.

मग काय झाले? 1877 च्या जानेवारीत सुमारे एक लाख माणसांनी काम सोडले. लिहिता-वाचता न येणारी, पोटाला चिमटा बसलेली माणसे! पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, या सभेचे पुढारी. तुरुंगातल्या कैद्यालाही याहून जास्त खायला मिळते, हे सरकारला दाखवून दिले गेले. जोतीराव फुल्यांच्या मंडळींनी धनकवडीला मुलांच्या जेवणाची सोय केली. संप पुरता जिंकला असे नाही. तरी 1880 साली दुष्काळाच्या चौकशी समितीने लिहिले, की अशा वेळी लोकांना काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. पुढे त्याचे नियम झाले. दौंड-मनमाड रेल्वेचा मातीचा भराव याच दुष्काळात उपाशी लोकांनी घातला. त्या मार्गावर आजही गाड्या धावतात.

1972 चा दुष्काळ मी स्वतः पाहिला. तेव्हा मी नगरकडच्या आमच्या गावी शाळेत जात होतो. आई खडीच्या कामावर जाई. दुपारी सुकडी मिळे, ती ती पदरात बांधून आमच्यासाठी आणी. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकर मला गिळत नसे, पण खावी लागे. 1973 च्या मे महिन्यात राज्यात सुमारे 50 लाख माणसे अशा कामांवर होती.

विठ्ठल सखाराम पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. तिचा कायदा 1977 साली झाला आणि 1979 च्या 26 जानेवारीपासून लागू झाला. त्याआधी काम मागणे म्हणजे दया मागणे होते. कायद्याने तो हक्क झाला. पुढे 2005 साली साऱ्या देशासाठी असा कायदा झाला.

तुमच्या घरात कोणी 1972 च्या कामावर गेले असेल, तर त्यांना विचारा. मजुरी किती होती, मुकादम कसा होता, हजेरीला अंगठा लावत की सही करत, ते चार ओळींत लिहून पुढच्या शनिवारी वर्गात आणा.